पायांकडे बघून वाजवायचं

चांदोरी चौफुलीवरून आत वळलं की गोदावरीचा पूल लागतो आणि पूल ओलांडला की सायखेडा. लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत एसटी या पुलावर आली की आई बोलता बोलता थांबायची आणि नदीला हात जोडायची. तिचं माहेर इथून सुरू व्हायचं. या वेळी मीही हात जोडले. जानेवारीतली सकाळ होती. पाण्यावर धुकं इतकं दाट की घाटाच्या पायऱ्या खाली कुठे संपतात ते कळत नव्हतं. निफाड तालुक्यातली थंडी आम्ही पुण्यात फक्त पेपरात वाचतो, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती खाली गेला ते. इथं ती थंडी नाकात शिरते.

आले होते ती एका बँजो पार्टीसाठी. माझी पुतणी परदेशातल्या इलेक्ट्रॉनिक पॉप बँडची वेडी. कोणता बँड कोणत्या शहरात, पुढचा महोत्सव कुठला, हे तिला तोंडपाठ. दिवाळीत ती हे सगळं मामांना सांगत होती. मामा शांतपणे म्हणाले, "आमच्या गावची पार्टी पण सीझनला घरी नसते. तिचं पण असंच. ये एकदा बघायला." पुतणीची परीक्षा होती, म्हणून मी आले.

मामींनी भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी पुढे ठेवली. भाकरीवर लोण्याचा गोळा. पुण्यात मी भोगीला भाजी करते ती वाटीभर, रीत म्हणून. इथं पातेलंभर होती, कारण जेवायला कोण येईल याचा हिशोब आधी करायची पद्धत नाही. मी जेवत होते तेवढ्यात दोन शेजारणी येऊन गेल्या, आणि प्रत्येकीनं मला विचारलं ते एकच, "राहणार ना?"

पार्टीचे मास्तर घाटाकडच्या गल्लीत राहतात. खाली दुकान, वर माळा. वाद्यं सगळी माळ्यावर. जिन्याच्या भिंतीवर खांद्याएवढ्या उंचीला मातकट रेघ दिसली. ती २०१९ च्या पुराची. त्या वर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला गंगापूर आणि दारणा, दोन्ही धरणांचं पाणी गोदावरीला आलं आणि सायखेडा-चांदोरीत शिरलं. त्याआधी २०१६ च्या ऑगस्टमध्येही तेच झालं होतं. त्या वेळी मास्तरांचा कीबोर्ड खालच्या खोलीत होता. "वाळवला, उघडला, पुसला. आवाज आला, पण सा लावला की दुसरंच काहीतरी वाजायचं," ते म्हणाले. तो कीबोर्ड त्यांनी टाकलेला नाही. माळ्याच्या कोपऱ्यात कापडात गुंडाळून ठेवला आहे.

मग त्यांनी बँजो काढला. आपण बँजो म्हणतो त्याचं अमेरिकेतल्या बँजोशी नावापलीकडे नातं नाही. लांबट लाकडी पेटी, तिच्यावर तारा, आणि तारांवर टाइपरायटरसारखी गोल बटणं. डावा हात बटणांवर, उजव्या हातात प्लास्टिकची पत्ती. जपानमधल्या नागोया शहरात १९१२ साली गोरो मोरिता या माणसानं टाइशोगोतो नावाचं वाद्य काढलं, तेच हे. आपल्याकडे ते बुलबुल तरंग झालं, बँजो झालं, मग कोणीतरी त्याला पिकअप लावून वायर अँप्लिफायरला जोडली. मास्तरांच्या बँजोवरच्या बटणांचे आकडे केव्हाच पुसले गेलेत. मधल्या चार-पाच बटणांना बोटाच्या पेराएवढा खळगा पडला आहे. मी त्या खळग्यात बोट ठेवून पाहिलं. माझं बोट त्यात बसलं नाही. तो त्यांच्या बोटाचा होता.

मास्तरांचा मुलगा ऑक्टोपॅड वाजवतो. हेही वाद्य जपानी, रोलँड कंपनीनं १९८५ च्या सुमाराला आणलेलं. आठ रबरी चौकोन, प्रत्येकात वेगळा आवाज. त्यानं एका चौकोनावर काठी टेकवली आणि संबळ वाजला. खराखुरा, शेजारच्या गावच्या गोंधळ्याचा. त्यानं स्वतः जाऊन रेकॉर्ड करून आणला होता. "बुवांचं वय झालंय. त्यांना रात्रभर उभं राहावत नाही. त्यांनीच सांगितलं, घेऊन जा माझा आवाज," तो म्हणाला. ज्या दिवशी हा आवाज वापरतो त्या दिवशी तो बुवांच्या घरी वाटा पोचवतो. जर्मनीतल्या क्राफ्टवर्क या बँडनं सत्तरच्या दशकात स्वतःच असे इलेक्ट्रॉनिक ताल वाजवायचे पत्रे बनवले होते आणि १९७४ साली महामार्गावरच्या प्रवासावर बावीस मिनिटांहून मोठं गाणं केलं होतं. पुतणीनं ऐकवलेलं ते गाणं मला या माळ्यावर आठवलं. मी त्या मुलाला मोबाइलवर लावून दिलं. त्यानं डोळे मिटून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाला, "हे गाडीत बसून केलंय. आमचं चालत असतं."

त्याचा अर्थ मला दोन दिवसांनी कळला.

संक्रांतीला पार्टीची सुपारी येवल्याची होती. सुपारी हा या लोकांचा शब्द. तमाशाच्या फडापासून बँजोपर्यंत कार्यक्रम ठरला की सुपारी घेतली म्हणतात, आणि आगाऊ रकमेला इसार. छोटा हत्ती टेंपोत सामान भरलं गेलं. सामान भरण्यालाही क्रम असतो. आधी जनरेटर, मग बॉक्स, मग ढोल-ताशे, सगळ्यात वर गोधडीत गुंडाळलेला बँजो. मागच्या जीपमध्ये पोरं. मला मास्तरांनी पुढे बसवलं. "गावाची भाची आहे, मागं धुरळ्यात नको," असं त्यांनी सगळ्यांना बजावलं.

निफाडवरून रस्ता निघतो तो द्राक्षबागांमधून. बागांच्या कडेला अजून धूर होता. रात्री थंडी वाढली की शेतकरी बागेत शेकोट्या पेटवतात आणि पहाटे ठिबकचं पाणी सोडतात, नाहीतर मणी तडकतात. काही बागांत प्रत्येक घडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळलेला. निर्यातीच्या मालाचा रंग गुलाबी पडू नये म्हणून हे करतात. हजारो घड, हजारो कागद, आणि हे गुंडाळणारे हात बरेचसे पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या मजुरांचे. एका बागेपाशी ते कामाला लागलेले दिसले. टेंपोवरची वाद्यं ओळखून दोन मुलींनी कागद धरलेले हात वर करून नाचल्यासारखं केलं. ऑक्टोपॅडवाल्यानं मागच्या जीपमधून पत्र्यावर चार ठोके दिले. टेंपो थांबला नाही, पण तेवढ्यात एक कार्यक्रम होऊन गेला.

विंचूर मागे पडलं आणि येवल्याचं आकाश आधी दिसलं. त्यात जागाच नव्हती. येवला म्हणजे पैठणी, हे सगळ्यांना माहीत असतं. संक्रांतीचे तीन दिवस मात्र हातमागांना विश्रांती आणि सगळं गाव धाब्यांवर. पुण्यात आम्ही संक्रांतीला तिळगूळ वाटतो, हळदीकुंकू करतो, पतंग मुलांपुरता. इथं सत्तर वर्षांचे आजोबा कमरेला टॉवेल बांधून मांजा ओढतात. फिरकीला इथं आसारी म्हणतात. ती बांबूच्या काड्यांची, हलकी, आणि ती हातात धरणाऱ्याचं काम पतंग उडवणाऱ्याइतकंच मानाचं. ज्या घरी आम्ही चढलो तिथं आसारी घरच्या सुनेच्या हातात होती आणि सासरे पतंग उडवत होते. दोघांचं बोलणं चालू होतं ते फक्त डोळ्यांनी.

धाब्यावर पार्टी लागली. इथं चालायचं नव्हतं, उभ्या जागी वाजवायचं होतं. खालच्या गल्लीतून हलकडीचा आवाज वर येत होता, ते इथलं पतंगाचं जुनं वाद्य. मास्तरांनी आधी तो ताल ऐकून घेतला आणि त्यावरच बँजो चढवला. त्या गल्लीतल्या वादकांनी वर पाहिलं. मास्तरांनी कपाळाला हात लावला. मग दोन्हीकडून एकच ताल, मध्ये दोन मजल्यांचं अंतर. मी पुण्यात ढोल-ताशा पथकं ऐकत मोठी झाले. तिथला सराव, शिस्त, पांढरे झब्बे, रांगेतले शंभर ढोल, याचा मला अभिमान आहे. पण दोन पथकं समोरासमोर आली की एकानं थांबायचं, असा तिथला रिवाज. एकमेकांच्या तालात शिरणं मी पहिल्यांदा पाहिलं.

पतंग कटला की मास्तर सूर एकदम खाली सोडत. धाब्यावरची लहान मुलं ते ऐकण्यासाठी आपलेच पतंग कटण्याची वाट पाहू लागली.

दुपारी त्याच घरी पंगत. तिळगुळाची पोळी, कढी, खिचडी. घरमालकीणबाईंनी पार्टीला आधी बसवलं, घरच्यांना नंतर. "पोटात नसंल तर बोटात कुठून येईल?" त्या म्हणाल्या. सगळीकडे असं नसतं. लग्नात वाजवणाऱ्यांना शेवटच्या पंगतीला बसवतात, कधी टेंपोत ताटं नेऊन देतात, हे पोरांनी मला सांगितलं होतं. तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं, पण कोणत्या गावी कुठे बसवलं ते त्यांच्या लक्षात होतं. बड्या स्टेजवरच्या बँडच्या करारात जेवणाचीही कलमं असतात. या लोकांच्या मानाची कलमं कुठेच लिहिलेली नाहीत, आणि ती लिहिली जावीत असं मला फार वाटतं.

येवल्याहून निघताना मुक्तिभूमीवर थांबलो. १३ ऑक्टोबर १९३५ ला इथल्या परिषदेत बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा केली. पार्टीतला ढोलकीवाला आत जाऊन आला, चप्पल हातात घेऊनच चालत राहिला थोडा वेळ. त्याचे आजोबा वामनदादा कर्डकांच्या मागे साथीला बसले होते, एका रात्रीपुरते. वामनदादा या जिल्ह्याचेच, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, जन्म १९२२ चा. १९४३ साली पहिलं गाणं रचलं आणि मग जन्मभर गावोगाव गात हिंडले. मिळेल त्या गाडीनं, मिळेल त्या घरी मुक्काम. २००४ साली नाशिकला गेले. दौऱ्यावरच्या कलावंताचं आयुष्य काय असतं हे समजून घ्यायला लांब कशाला जायचं? बाबासाहेबांच्या जयंतीची, १४ एप्रिलची सुपारी या पार्टीकडे वर्षभर आधी येते, आणि त्या रात्री ढोलकीवाला पैशाचं विचारत नाही, कोणती गाणी घ्यायची ते विचारतो.

पौष पौर्णिमेपासून नैताळ्याला मतोबा महाराजांची यात्रा भरते. निफाड-विंचूर रस्त्यावरचं गाव. पंधरवडाभर गर्दी. पौषात लग्नं नसतात, त्यामुळे पार्टीला हा महिना यात्रांवर काढायचा असतो. संध्याकाळी पोचलो तेव्हा पाळण्यांचे दिवे लागले होते. गोडीशेवेचे डोंगर, रेवड्या, भेळभत्ता, आणि तेलाच्या वासात मिसळलेला उसाच्या रसाचा वास. एका बाईनं मला न विचारता माझ्या ओंजळीत गोडीशेव ओतली आणि म्हणाली, "आधी खा, मग भाव कर."

नवस फेडायला आलेल्या एका कुटुंबाची मिरवणूक होती. वेशीपासून देवळापर्यंत. पुढे डोक्यावर कलश घेतलेल्या पाच-सहा म्हाताऱ्या, मग नवसाचं मूल कडेवर घेतलेली आई, मग बापे, आणि सगळ्यांच्या पुढे पार्टी, तोंड उलटं करून, मागे मागे सरकत. तिथं मला ऑक्टोपॅडवाल्याचं वाक्य उलगडलं. मास्तर लोकांच्या तोंडाकडे बघत नव्हते. पायांकडे बघत होते. म्हाताऱ्यांचे पाय जडावले की लय उतरायची. उतार आला की चढायची. पोरं मध्ये घुसून नाचायला लागली की मास्तर एका जागी चार आवर्तनं द्यायचे, आणि कलशवाल्या टेकल्या, श्वास घेऊन झाला, की हळूच पुढे काढायचे. मराठीत गाण्याला चाल म्हणतात आणि चालण्यालाही चाल म्हणतात. हे शब्द मी आयुष्यभर वापरले. दोन्ही एकच आहेत हे मला त्या रस्त्यावर, धुळीत, एका म्हातारीच्या टाचांकडे बघताना समजलं.

"स्टेजवर माणसं तुमच्याकडं बघतात," मास्तर नंतर चहा पिताना म्हणाले. "इथं आपण त्यांच्याकडं बघायचं. पाय बघून वाजवायचं. पाय खोटं बोलत नाहीत."

डीजेबद्दल मी विचारलं तेव्हा ते चिडले नाहीत. डीजेला दोन माणसं पुरतात, चौदा ताटं वाढावी लागत नाहीत, हवं ते गाणं बोटावर. म्हणून लोक तिकडे वळतात. कितीतरी पार्ट्या बसल्या, बँजोवाले टेंपो चालवायला लागले. पण डीजेच्या भिंतीपुढे छातीत धडधडतं ते मी अनुभवलंय, आणि त्या आवाजाला म्हातारीचा पाय दिसत नाही हे मला ठामपणे म्हणायचं आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा भोंगे बंद केले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. मास्तरांना आकडे माहीत नाहीत, पण दहाला पाच मिनिटं असताना त्यांनी अँपची वायर काढली. देऊळ अजून शंभर पावलं होतं. ती शंभर पावलं बँजो नुसता वाजला, बिनविजेचा. आवाज एवढा बारीक झाला की ऐकायला माणसं जवळ सरकली. कलशवाल्या म्हाताऱ्या पार्टीला अगदी चिकटून चालू लागल्या. सगळ्या रात्रीत मला सगळ्यात आवडलं ते हे.

परतीच्या वाटेवर थंडीनं तारांचे सूर हलले होते. मास्तर टेंपोच्या केबिनमध्ये बँजो मांडीवर घेऊन, शाल पांघरून, एकेक तार पिळत होते. मी त्यांना नाशिकच्या सुला फेस्टबद्दल विचारलं. गंगापूर धरणाजवळच्या द्राक्षबागेत २००८ साली तो महोत्सव सुरू झाला, देशोदेशीचे इलेक्ट्रॉनिक बँड तिथं येऊन गेलेत. द्राक्षं याच जिल्ह्याची, वाद्यं बरीचशी याच जातीची. मागे एकदा त्यांचा मुलगा तिथं गेला होता. दिव्यांचे खांब उभे करायला, मजुरीवर. रात्रभर स्टेजच्या मागे उभा राहून त्यानं वादकांच्या हातांकडे पाहिलं. सायखेड्याला आल्यावर दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी गोंधळीबुवांच्या दारात रेकॉर्डर घेऊन उभा राहिला.

त्याला त्या स्टेजवर कोणीतरी बोलवावं. मला हे मनापासून वाटतं.

पौष संपला तशी मास्तरांच्या घरातली दिनदर्शिका पेन्सिलीच्या गोलांनी भरू लागली. शिवजयंतीची १९ फेब्रुवारी आणि १४ एप्रिल एवढ्या दोन तारखा जागच्या जागी. बाकी सगळं तिथीवर, दर वर्षी सरकणारं. रंगपंचमीला नाशिक, जिथं पेशवेकालीन रहाडी उघडतात आणि लोक रंगाच्या पाण्यात उड्या टाकतात. रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत सप्तशृंग गडाचा चैत्रोत्सव, खानदेशातून पायी येणाऱ्यांच्या संगतीनं वाटेत कुठे कुठे वाजवायचं. मग वैशाखाची दाट तिथी, एका दिवसात दोन-दोन लग्नं. मास्तरांच्या बायको गोल मोजत होत्या आणि मोजता मोजता पोरांचे शर्ट शिवायला टाकायचे ते ठरवत होत्या. गोल वाढले की त्यांना बरं वाटतं. तरी एका गोलावर त्यांनी बोट ठेवलं. "ह्या दिवशी घरी राहा. पोरीचं सातवं लागतंय." मास्तरांनी काही न बोलता तो गोल खोडला.

मी निघणार त्याच्या आदल्या दुपारी माघातल्या पहिल्या लग्नाची सुपारी आली, पुलापलीकडे चांदोरीत. फोनवर मास्तरांनी रक्कम नंतर विचारली. आधी विचारलं, "घरापासून मारुतीपर्यंत चालायचं किती?" आणि उत्तर ऐकून समाधान झालं नाही म्हणून चप्पल घालून निघाले. मीही निघाले.

पूल पायी ओलांडला. नदी संथ होती. पाणी उतरलं की पात्रातली जुनी देवळं उघडी पडतात. त्या दिवशी ती पाण्याखालीच होती. चांदोरीत नवरदेवाच्या दारापासून मास्तर चालायला लागले, मोजून, अगदी वरातीच्या गतीनं. खिशातून छोटी वही काढली. एका वळणावर वीजतार खाली आली होती, तिथं दिव्यांचे खांब आडवे धरायचे. पुढे गटाराचं काम निघालेलं, तिथं पोरांना नाचू द्यायचं नाही, पुढे काढायचं. चिंचेखाली पार, तिथं थांबायचं, कारण नवरदेवाच्या आजीला तिथंपर्यंत दम लागेल.

मारुतीच्या थोडं अलीकडे एका ओसरीवर खाट होती. खाटेवर एक म्हातारे गृहस्थ भिंतीकडे तोंड करून झोपले होते, उशाशी औषधाच्या बाटल्या. मास्तर थांबले. आत हाक मारून त्यांनी घरच्या बाईंना विचारलं, "काकांना झोप लागते का दुपारची?"

"लागली तर लागते. रातभर तळमळतात," बाई म्हणाल्या. "तुमचं चालू द्या, लग्नाचं घर आहे."

मास्तरांनी पेन्सिल काढली. तिला टोक नव्हतं. त्यांनी दातांनी लाकूड सोललं आणि वहीत लिहिलं. मी वाकून पाहिलं. 'निंबाचं झाड ते पिवळा दरवाजा, अँप बंद. फक्त ढोलकी, हातानं.'